सातच्या जागेत नवातले आठ

सायकलच्या मागच्या दोन ड्रॉपआऊटमधलं, म्हणजे चाकाचा ॲक्सल बसतो त्या फ्रेमच्या खाचांमधलं अंतर मी तीनदा मोजलं. चाक काढून ठेवलेलं, फ्रेम स्टुलावर उलटी, व्हर्निअरचे जबडे आतल्या बाजूंना हलकेच टेकवलेले. तिन्ही वेळा आकडा तोच आला, १२६ मिलिमीटर. आजच्या रिम-ब्रेकवाल्या रोड बाइकचं मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १३० चं असतं. पुढचे तीन महिने माझं सगळं डोकं या ४ मिलिमीटरमध्ये अडकलं होतं.

सायकल जपानची आहे. २०१७ ते २०१९ मी कामानिमित्त ओसाकाला होतो, तिथे जुन्या सायकलींच्या एका दुकानात ही मिळाली. पॅनासॉनिकची स्टीलची फ्रेम, १९८७ च्या आगेमागेची, वर शिमानो कंपनीच्या १०५ मालिकेचे सुटे भाग. हे भाग ज्या साकाई गावात जन्मले ते ओसाकाला लागूनच आहे. पूर्वी तलवारी, सुऱ्या आणि ठासणीच्या बंदुका घडवणारं हे गाव पुढे सायकलच्या भागांकडे वळलं. १९२१ साली तिथेच शिमानो सुरू झाली आणि त्यांनी पहिल्यांदा बनवलेली वस्तू होती फ्रीव्हील. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला फ्रायव्हील म्हणतात, तेच. दाइसेन बागेजवळ तेव्हा असलेल्या सायकल संग्रहालयात एका रविवारी मी खूप वेळ काढला. परतताना सायकल खोक्यात घालून पुण्याला आणली. ती तिथे सोडून येणं मला जमलंच नसतं.

ओसाकाच्या सपाटीवर तिच्या गिअरबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पुढे ५२ आणि ४२ दात्यांची दोन चक्रं, मागे सहा, १३ ते २४. पुण्यात आल्यावर सिंहगड आडवा आला. पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंतचा सुमारे ९ किलोमीटरचा घाट ४२ ला २४ लावून चढायचा म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात पावणेचार मीटरच्या जवळपास पुढे जायचं. विशीत चालून जातं. चाळिशीनंतर गुडघा दोन दिवस बोलत राहतो. मागे २७ दात्यांचं चक्र हवं होतं, आणि तेही हे हब, हे चाक आणि ही फ्रेम जशीच्या तशी ठेवून.

सायकलच्या ग्रुपमधल्या मित्रांचा सल्ला एकच होता: "स्टीलची फ्रेम आहे ना, ताण १३० पर्यंत आणि नवीन चाक घाल." सल्ला चुकीचा नाही. स्टीलची फ्रेम थंड असतानाच दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर वाकवता येते, जगभर लोक ते करतात. ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमला मात्र हा प्रयोग कधीच करू नये. पण वाकवल्यावर दोन्ही ड्रॉपआऊट एकमेकांना समांतर राहत नाहीत, तेही पुन्हा जुळवावे लागतात. दोन बाजू सारख्याच वाकल्या का, हे दोरी लावून तपासावं लागतं. मी तशी दोरी आधीच लावून पाहिली होती. एका ड्रॉपआऊटपासून निघून पुढच्या हेडट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटपर्यंत, आणि मग सीटट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर. तीस-पस्तीस वर्षांच्या फ्रेममध्ये अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. ज्या कारागिराने ती जुळवली त्याच्या कामात हात घालायची माझी इच्छा नव्हती. जे बदलायचं ते हबमध्येच बदलायचं असं ठरवलं.

मग हब उघडायची वेळ आली. इथे थोडं मागे जावं लागेल, कारण जुन्या हबवर कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बसवताना लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच.

जुन्या पद्धतीत फ्रीव्हील हबच्या आट्यांवर आवळलेलं असतं आणि उजवीकडचे छर्रे त्याच्या आत, बरेच मधे राहतात. त्यामुळे उजवीकडचा ॲक्सलचा मोठा तुकडा आधाराविना लोंबतो आणि खड्ड्यात वाकतो. शाळेत असताना माझ्या सायकलचा ॲक्सल असाच दोनदा वाकला होता. शिमानोने १९७८ च्या सुमारास ड्युरा-एस मालिकेत फ्रीहब आणलं. त्यात रॅचेटचा (एकाच दिशेने मोकळा फिरणारा) भाग, म्हणजे बॉडी, हबलाच जोडलेला असतो, त्यावर खाचांतून सुटी चक्रं सरकवायची, आणि उजवीकडचे छर्रे अगदी टोकाला नेलेले असतात. कल्पना साधी आहे, पण ॲक्सलचं दुखणं तिने मुळातूनच काढलं.

या फ्रीहबच्या दोन पिढ्या इथे कामाच्या. पहिली युनिग्लाइड. तिच्यात सगळ्या खाचा सारख्या रुंदीच्या, आणि शेवटचं सगळ्यात लहान चक्र आट्यांनी आवळलं जातं. तेच बाकीच्या चक्रांना धरून ठेवतं. दुसरी हायपरग्लाइड. तिच्यात एक खाच वेगळ्या रुंदीची असते, त्यामुळे चक्रं एकाच पद्धतीने बसतात, आणि त्यांना धरायला वेगळी लॉकरिंग असते जी बॉडीच्या आतल्या आट्यांत फिरते. आज बाजारात मिळणारी शिमानो पद्धतीची नऊ गिअरची कॅसेट दुसऱ्या पिढीची. माझं हब पहिल्या पिढीचं. बॉडीच्या तोंडात टॉर्च मारून पाहिलं तर आत आटेच नव्हते. लॉकरिंग आवळणार कशात?

एक मार्ग कानशीचा. नव्या प्रत्येक चक्राचा एक रुंद दात घासून बारीक करायचा, म्हणजे ते जुन्या बॉडीवर चढतं, आणि शेवटी जुनं आट्यांचं चक्र लावायचं. मी एका टाकाऊ चक्रावर करून पाहिलं. बसलं, पण आठ चक्रं अशी एकसारखी घासायची आणि पुढच्या कॅसेटला पुन्हा तेच करायचं, हे मला पटलं नाही. दुसरा मार्ग फ्रीहब बॉडीच बदलायचा. सात गिअरची हायपरग्लाइड बॉडी असलेलं एक जुनं हब ऑनलाइन मिळालं. विकणाऱ्याने 'उत्तम स्थितीत' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात डावीकडचा कप, म्हणजे छर्रे फिरतात ती वाटी, इतका खड्डे पडलेला होता की आत बोट फिरवलं तरी कळावं. नशिबाने मला हवी होती ती फक्त उजवीकडची बॉडी, तिच्या आतला कप आणि उजवा कोन (ॲक्सलवरचा, छर्ऱ्यांना टेकणारा शंकूसारखा नट). ते तिन्ही स्वच्छ निघाले.

सात गिअरचीच बॉडी का, हे आकड्यांत सांगतो, कारण सगळा डाव या आकड्यांवर आहे. सात गिअरच्या कॅसेटमध्ये एका चक्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ५ मिलिमीटर. आठमध्ये ४.८. नऊमध्ये ४.३५. म्हणजे सातची पूर्ण कॅसेट जवळजवळ ३१.९ मिलिमीटर जाड, आठची ३५.४, नऊची ३६.६. सातच्या बॉडीवर आठची किंवा नऊची पूर्ण कॅसेट बसत नाही. पण नऊमधलं एक चक्र आणि एक स्पेसर (दोन चक्रांमधली कडी) काढून टाकला तर उरलेली आठ चक्रं ३२.२ मिलिमीटरमध्ये बसतात. सातच्या जागेपेक्षा फक्त ०.३ जास्त, आणि लॉकरिंग तेवढं सहज सामावून घेते. जुन्या सायकली जपणाऱ्यांत ही युक्ती फार वर्षांपासून प्रचलित आहे. मी वहीत आकडे मांडून बेरीज केली तेव्हाच तिच्यावर विश्वास बसला.

कॅसेट घेतली १२-२७ ची: १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २४, २७. मोठी चक्रं एकत्र जोडलेली, लहान सुटी. स्वस्त कॅसेटमध्ये बहुतेक चक्रं लांब रिव्हेटने एकत्र ठोकलेली असतात, मग रिव्हेटची डोकी घासावी लागतात. यात तो त्रास नव्हता. काढायचं कोणतं यावर फार विचार करावा लागला नाही. १२ चं ठेवावंच लागतं, कारण लॉकरिंग त्याच्यावरच्या खरखरीत कड्यावर बसते. २७ साठी तर सगळा खटाटोप होता. १३ चं गेलं.

जुनी चक्रं काढायला दोन चेनव्हिप लागतात. एकाने मोठं चक्र धरायचं, दुसऱ्याने लहान चक्र उलटं फिरवायचं. एक माझ्याकडे होता, दुसरा मी लोखंडी पट्टीला जुन्या चेनचा तुकडा रिव्हेट करून घरीच बनवला. चाक उभं धरून दोन्ही दांड्या एकमेकींकडे दाबल्या, आणि एक कोरडा 'कट' असा आवाज झाला. क्षणभर वाटलं काहीतरी तुटलं. तुटलं काही नव्हतं, इतक्या वर्षांनी आटे सुटले होते. आतलं ग्रीस मेणासारखं पिवळं आणि घट्ट झालेलं.

मग ॲक्सल बाहेर, दोन्हीकडचे नऊ-नऊ पाव इंची छर्रे रॉकेलच्या वाटीत. बॉडी हबला धरून ठेवणारा पोकळ बोल्ट १० मिलिमीटरच्या ॲलन कीने उजवीकडूनच सुटतो. कीच्या टोकाला दोन फूट पाइप घातला तेव्हा कुठे तो हलला. जुनी बॉडी मी जपून गुंडाळून ठेवली. नवी बसवली, बोल्ट आवळला, नवे छर्रे ग्रीसमध्ये एकेक करून लावले. छर्रे जुने परत वापरायचा मोह होतो, चकाकत असतात. पण कपावर ओरखडा पाडणारा एखादा त्यांच्यातच असतो, म्हणून मी दर वेळी नवेच घालतो.

कॅसेट चढवून चाक फ्रेममध्ये लावलं, चेन १२ वर टाकली आणि चाक फिरवलं. खर्र खर्र. चेनची बाहेरची पट्टी ड्रॉपआऊटला घासत होती. नवी बॉडी जुनीपेक्षा किंचित लांब निघाली होती, आणि १२ च्या चक्रापासून ड्रॉपआऊटपर्यंत अंतर उरलं होतं जेमतेम २.२ मिलिमीटर. नऊ गिअरची चेन ६.६ मिलिमीटर रुंद, चक्र पावणेदोनच्या थोडं वर. म्हणजे चेन चक्राच्या बाहेर प्रत्येक बाजूला २.४ मिलिमीटर येणारच. घासणं अटळ होतं.

उपाय सोपा वाटला. ॲक्सलवर उजवीकडे २ मिलिमीटरचा वॉशर वाढवायचा, डावीकडून तेवढाच कमी करायचा, म्हणजे एकूण १२६ तसंच राहतं. डावीकडे मूळचा २ चा स्पेसर होता तो निघाला. तो बाहेरून मोठ्या व्यासाचा असल्यामुळे उजवीकडे बॉडीच्या तोंडात जाईना. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून दहा नंबरचे वॉशर आणले आणि दोन एकावर एक लावले. कोन जुळवला, लॉकनट आवळला, ॲक्सल बोटांत धरून फिरवली. अर्धा फेरा लोण्यासारखी, आणि मग एका ठिकाणी अडकते. कोन सैल केला तर त्या ठिकाणी ठीक, बाकी सगळीकडे खडखडते. दोन संध्याकाळी मी यात घालवल्या. कोन बदलून पाहिला, ॲक्सल काचेवर लोळवून सरळ आहे का ते पाहिलं. शेवटी त्या वॉशरची जाडी चार ठिकाणी मोजली. एका कडेला १.०५, समोरच्या कडेला ०.९. प्रेसमध्ये कापलेला वॉशर, एक कड खाली वळलेली. लॉकनट त्याच्यावर तिरका बसत होता आणि सगळी ॲक्सल एका बाजूला ओढत होता.

शनिवारी भोसरीला गेलो. एमआयडीसीत एका शेडमध्ये लेथवर काम करणारे एक काका आहेत, ऑफिसच्या कामामुळे ओळख. त्यांना ॲक्सल आणि दोन्ही वॉशर दाखवले.

"किती पायजे?"

"दोन मिलिमीटर जाड, काका. आतलं भोक दहाचं, बाहेरून पंधरा."

"जाडीला टॉलरन्स?"

"जाडी थोडी इकडेतिकडे चालेल. दोन्ही तोंडं समांतर पाहिजेत."

त्यांनी वॉशर दोन बोटांत धरून उजेडाकडे केला, डोळ्यासमोर फिरवला आणि खाली ठेवला. "साहेब, हे छपरावर पत्रा ठोकायला चांगलं. बेअरिंगला नाही चालत."

स्टेनलेसचा गोल बार त्यांनी चकमध्ये धरला, तोंड मारलं, ड्रिल करून भोक रीमरने साफ केलं, बाहेरचा व्यास उतरवला आणि पार्टिंग टूलने चकती कापली. कापलेल्या बाजूला खरबरीत वलयं होती. मी हात पुढे केला तसं ते म्हणाले, "थांबा, अजून अर्धंच झालंय." एका तुकड्याला दहाची खांदेवाली गुडदी (चकती बसवायचा खुंट) काढली, चकती पहिल्या तोंडावर टेकवून तिच्यावर घट्ट बसवली आणि दुसरं तोंड मारलं. एवढ्याशा कामाला अर्धा तास. मायक्रोमीटर लावून चार ठिकाणी मोजलं: २.०१, २.०१, २.०१, २.०१. काही न बोलता त्यांनी तसाच दुसरा बनवायला घेतला. मी म्हटलं एकच पुरे. "पडला आणि हरवला तर एवढ्यासाठी परत याल का? ठेवा."

घरी येऊन ॲक्सल पुन्हा जुळवली. अडकणं गेलं होतं. क्विक रिलीज (चाक फ्रेमला आवळायची लिव्हर) आवळलं की पोकळ ॲक्सल अगदी किंचित दाबली जाते, म्हणून कोन जुळवताना बारीकसा खुळखुळा ठेवायचा. चाक फ्रेममध्ये घट्ट केल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. चौथ्या प्रयत्नात नेमका जमला.

आता हब २ मिलिमीटर डावीकडे सरकलं होतं, त्याच्याबरोबर रिमही. ती परत मधे आणायची. रिम मधोमध आहे का ते पाहायचं डिशिंग गेज नसलं तरी फ्रेमच गेज म्हणून वापरता येते. चाक सरळ लावून रिम आणि चेनस्टे (पेडलकडून मागच्या चाकाकडे येणारी फ्रेमची नळी) यांमधलं अंतर पाहायचं, मग चाक उलटं लावून तेच अंतर पुन्हा पाहायचं. अशाने चूक दुप्पट होऊन दिसते, २ ची ४ मिलिमीटर. ३६ आऱ्यांचं चाक, प्रत्येक बाजूला १८. आदल्या रात्री प्रत्येक निपलला (आऱ्याच्या टोकाच्या नटाला) तेलाचा थेंब सोडला होता, तरी एक गोल झालाच, तो बदलावा लागला. डावीकडचे सगळे आरे अर्धा फेरा सैल, मग उजवीकडचे सगळे अर्धा फेरा घट्ट. फ्रेममध्ये लावून पाहायचं, मग पुन्हा तेच. आधी सैल आणि मग घट्ट हा क्रम मोडू नये, नाहीतर रिमवर उगाच ताण चढतो. आरे बोटाने छेडले की उजवीकडचे उंच सुरात वाजतात, डावीकडचे खर्जात. मागच्या चाकाचं ते असंच असतं. एका बाजूचे सगळे आरे एका सुरात वाजले म्हणजे झालं. व्हीलचा आऊट (डगमग) काढायला आणखी एक तास गेला.

कॅसेट पुन्हा चढवली. बॉडीच्या टोकाशी १२ च्या चक्राला बसायला मिलिमीटरभरच जागा असते. पहिल्यांदा ते तिरकं बसलं आणि लॉकरिंग त्याच्यावर घट्ट झाल्यासारखी वाटली, पण २७ चं चक्र हाताने धरून हलवलं तर सगळी कॅसेट खुळखुळली. सगळं सोडून पुन्हा केलं. या वेळी १२ चं चक्र अंगठ्याने दाबून धरलं, लॉकरिंगचे पहिले दोन फेरे हाताने दिले आणि मग ४० न्यूटन-मीटरवर आवळली. शेवटी येणारा तो करकरता आवाज येईपर्यंत थांबायचं नाही. या वेळी २७ चं चक्र तसूभरही हललं नाही.

बाकीचं भरभर झालं. नऊ गिअरची चेन, पुढचं ४२ चं चक्र काढून ३९ चं, डेरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) बी-स्क्रू जवळजवळ शेवटपर्यंत आत, म्हणजे वरची पुली २७ ला भिडत नाही. दोन्ही लिमिट स्क्रू नव्याने जुळवले. गिअरच्या लिव्हर खालच्या नळीवरच्या मूळच्याच ठेवल्या. त्या सहाच्या क्लिकसाठी आहेत, पण उजव्या लिव्हरवरची कडी फिरवली की क्लिक बंद होतात आणि ती घर्षणावर चालते. मग मागे सहा चक्रं आहेत की आठ, याच्याशी तिला काही देणंघेणं राहत नाही. अंतर ४.३५ चं असल्याने हात जरा जपून चालवावा लागतो. दोन आठवड्यांत अंगठ्याला ते कळायला लागलं.

सिंहगडावर पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. ३९ ला २७, पायाच्या एका फेऱ्यात ३ मीटर आणि वर बोटभर. ज्या तीव्र वळणांवर मी पूर्वी उभा राहून, हँडल ओढत चढायचो, तिथे या वेळी बसून गेलो. मागून फक्त चेनचा आवाज येत होता. वर भाकरी-पिठलं खाऊन उतरताना १४ वरून १२ वर जाताना चेन क्षणभर घुटमळते हे लक्षात आलं. मधलं १३ नाही आणि तिथले चढउताराचे दाते एकमेकांसाठी बनवलेले नाहीत, म्हणून तसं होतं. लिव्हर थोडी जास्त ढकलून परत आणली की बसते.

सहाही जुनी चक्रं, त्यांचे स्पेसर आणि मूळची बॉडी बिस्किटाच्या डब्यात आहे. चक्रं ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने तारेत ओवली आहेत, सोबत चिठ्ठीवर हबची सगळी मापं. नव्या कॅसेटचं १३ चं चक्र त्याच डब्यात आहे, आणि काकांनी बनवलेला दुसरा स्पेसरही.